मोजणारी तार

पिवळा आहे म्हणून. एवढंच कारण होतं.

थोरलीने ते कारण आठवडाभर गोळीसारखं या गालातून त्या गालात फिरवलं होतं. विरघळत नव्हतं, आणि थुंकूनही टाकवत नव्हतं.

समोर स्क्रीनवर दोन रेघा होत्या. एक हिशेबाची, एक खरी. हिशेबाची रेघ थोरलीची. कार्बनच्या धाग्यांचा पाय कॉइलमध्ये धरला की कुठे तापेल, किती तापेल, कसा निवेल, हे आधीच सांगणारं मॉडेल तिने संगणकात उभं केलं होतं. खरी रेघ कॅमेऱ्याची, माणसाचं रूप न बघता नुसती ऊब बघणाऱ्या कॅमेऱ्याची. कार्यशाळेत चाचणीच्या जेवढ्या नळ्या जोडल्या, त्या प्रत्येकीच्या दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या होत्या, सख्ख्या बहिणी एका पांघरुणात झोपाव्यात तशा. फक्त एका पायाची खरी रेघ हिशेबाच्या खालून चालली होती. फार नाही, नखभर. चढताना नखभर मागे, निवताना नखभर पुढे.

तो पाय तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

इथे गुडघ्याखाली पाय गेलेल्या माणसांचे पाय बनत. नडगीच्या जागी कार्बनची नळी, तिच्यावर बसणारी कार्बनचीच बाही. आजवर नळी आणि बाही बोल्टांनी जोडत. पाय जड होई, बोल्टांच्या भोकांशी चिरा पडत. आता नवी तऱ्हा आली होती. ना बोल्ट, ना गोंद, ना ज्योत. कॉइलमधून, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यातून, वीज खेळवायची. तिचं चुंबकी वारं धाग्यांत शिरतं आणि धाग्यांतली वीज गोल गोल फिरू लागते. पण तिला फिरायला वाट हवी. धाग्याला धागा टेकला, हाताला हात लागला, तरच रिंगण पुरं होतं. रिंगण पुरं झालं की पाय आतून तापतो, धाग्यांमधली राळ वितळते, नळी आणि बाही एकजीव होतात. कोणाचा हात कोणाला किती घट्ट लागलाय, हाच सगळ्या हिशेबाचा जीव.

धाकटी रंगारी होती. भिंती रंगवायची, जिन्यांची उंच छतं रंगवायची. शिडीवर ती अशी सरसर चढे की बरोबरच्यांनी तिला खार नाव ठेवलं होतं. मग रिव्हर्स घेणाऱ्या एका ट्रकने तिचा डावा पाय नेला आणि खार जमिनीवर आली. बोल्टांच्या पायाला ती म्हातारा म्हणायची, कारण तो चालताना कुरकुरायचा आणि शिडी बघून तर मटकन बसायचाच. कार्यशाळेचा पहिला जोडलेला पाय तिला मिळाला. त्याच्या बाहेरच्या थरात तिने पिवळं कापड घालायला लावलं. "काळा नको. गेलेल्या पायाचा शोक नव्या पायाने का करायचा?" त्या पायाचं नाव तिने ठेवलं नवरदेव.

आणि पिवळ्या कापडाची ऊब कॅमेऱ्याला जरा कमी दिसते, हे खरंच होतं. जरा. पण नखभर?

थोरली उठली, बसली, पुन्हा उठली. खुर्चीला काटे फुटले होते जणू. आज सकाळी धाकटी अपघातानंतर पहिल्यांदाच शिडीवर चढायला गेली होती. सुट्टीत बंद असलेल्या शाळेचा जिना तिला मिळाला होता. निघताना दारात तिने पाय आपटून दाखवला.

"बघ, नवरदेव कसा मुकाट उभा आहे. हूं नाही की चूं नाही. असाच हवा बाई."

"जपून चढ गं."

"तूच केलास ना? मग जपायचं कशाला?"

तेव्हा थोरली हसली होती. आता ते वाक्य पायात मोडलेल्या काट्यासारखं चालताना लागत होतं.

ती शेजारच्या खोलीत गेली. तिथे मोड्या बसायचा. त्याचं कामच मोडण्याचं. जोडलेली प्रत्येक वस्तू यंत्रात धरायची आणि मोडेपर्यंत दाबायची.

"काय ताई, आज तिसऱ्यांदा पाणी प्यायला आलात," तो म्हणाला. "घसा कोरडा की हिशेब?"

"गप रे. तुझं काय चाललंय?"

"माझं काय, मोडतोय. काल घरी माझ्या हातून बशी फुटली. आई म्हणाली, ऑफिसचं काम घरी आणू नकोस."

कोपऱ्यात कॉइलमास्तर स्टुलावर बसून मोडलेल्या नळ्यांतून पकडीने तारा ओढून काढत होते. कॉइल चालवायचं काम त्यांचं. तापमान मोजायची ती बारीक तार, टोकाला मोहरीएवढा मणी. सांध्याच्या पोटात मणी ठेवायचा आणि तार बाहेर यंत्राला जोडायची, म्हणजे आतली ऊब कळते. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: मोजल्याशिवाय तापवायचं नाही. अक्षरं धाकटीच्याच हातची. म्हाताऱ्यावर उभं राहून, शिडी न घेता पोचेल तेवढ्या उंचीवर काढलेली.

थोरलीने डब्यातली एक मोडकी नळी उचलली. बाही तिच्यावरून सोलून निघाली होती. जिथे राळ नीट वितळून एकजीव झालेली असते, तिथे सांधा सुटताना धागे ओरबाडून निघतात, केसाळ होतात. जिथे नुसती चिकटलेली असते, तिथून तो साळसूद सुटतो. ही नळी मधोमध केसाळ होती. चांगलीच होती. थोरलीने ती खिडकीशी नेली, उजेडात फिरवली. केसाळ पट्टा नळीभोवती गोल गेला होता, कमरेच्या पट्ट्यासारखा. त्याच्या अगदी मधून तारेची खाच.

तिने दुसरी उचलली. तिथेही तसंच. तिसरी, चौथी. डबा खळाखळा वाजवत ती खाली बसली.

"मास्तर, तार अशी गोल का गेलीय?"

"वेढा देतो ना एक. नाहीतर दाबाखाली मणी सरकतो." त्यांनी पकड खाली ठेवली. "तुम्हीच म्हणाला होतात, मणी केसभर हलता कामा नये. पहिल्यापासून वेढा देतोय. का? चुकलं काही?"

"तारेला वरून वेष्टण असतं?"

"जाड वेष्टणाने सांध्यात फट पडायची. म्हणून उघडीच घालतो."

थोरलीने तारेच्या खाचेवरून नख फिरवलं.

उघडी तार. तीही वेढा दिलेली. खालच्या नळीचे धागे आणि वरच्या बाहीचे धागे एकमेकांना धड टेकतच नव्हते. मध्ये राळेचा पातळ पडदा होता. तारेने तो पडदा ओलांडून इकडचा हात तिकडच्या हातात दिला. रिंगण पुरं झालं, वीज फिरली, सांधा तापला. ऊब मोजायला आत गेलेली तार आतच चूल मांडून बसली होती. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपणच शेत पिकवत होतं, आणि तिला वाटलं होतं की जमीनच एवढी कसदार.

धागे किती टेकतात याचा आकडा तिने कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. तो कुठे मिळतच नाही. तो तिने फिरवत नेला होता, रेडिओची घुंडी फिरवावी तसा, रेघा जुळेपर्यंत. जुळल्या तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या आकड्याच्या पोटात ही तार वेढा घालून बसली होती आणि कोणालाच दिसली नव्हती. हिशेबही तारेचा, चाचणीही तारेची. दोघांनी एकमेकांची साक्ष दिली.

आजवर या कार्यशाळेत तारेशिवाय एकच गोष्ट तापवली गेली होती. कारण घालायच्या पायात तार कोण ठेवतं?

तिने धाकटीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला.

"मास्तर, नवरदेवाला बाहेर सोडण्याआधी भार टाकून बघितला होता ना?"

"बघितला की. एकदा टाकला, टिकला."

"एकदा," थोरली म्हणाली. "ती दिवसभर चढउतार करणार आहे."

मोड्याचं हसणं केव्हाच मावळलं होतं. मोठ्या बाई, म्हणजे कार्यशाळेच्या प्रमुख, आवाज ऐकून दारात आल्या. थोरलीने नळी त्यांच्या हातात दिली आणि तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं. बाईंनी नळीच्या केसाळ पट्ट्यावरून अंगठा फिरवला.

"खात्री आहे?"

"नाही."

"मग आधी मॉडेल तारेशिवाय चालवून बघ. तासाभराचं काम. उगाच शिडीवरच्या माणसाच्या पोटात भीती घालायची, आणि निघालं काहीच नाही तर? पुन्हा चढेल का ती?"

हे खरं होतं, म्हणूनच लागलं. थोरली आपल्या जागेवर धावली. स्पर्शाचा तो आकडा तिने खाली ओढला, जिथे राळेचा पडदा राळेचा पडदाच राहील तिथवर, आणि हिशेब सुरू केला. स्क्रीनवर पाय रंगायला लागला. कडेला लाल, आत पिवळा, मग सावकाश, फार सावकाश... ती क्षणभर थांबली. मग पिशवी उचलली.

"मोड्या, इथे बस. मधला भाग राळ वितळेल एवढा तापतो का, तेवढं बघ आणि फोन कर."

"आणि तुम्ही?"

"मला नाही बसवत रे."

बसमध्येही तिला बसवलं नाही. रिकामी जागा होती तरी ती दाराच्या दांडीला धरून उभी राहिली. फोन लावायची, वाजू द्यायची, बंद करायची. सिग्नलला बस थांबली की तिच्या पायाची बोटं आपोआप चपलेत दाबली जायची, जणू ब्रेक तिच्याच पायाखाली होता. खिडकीतून इमारती जात होत्या, आणि प्रत्येक इमारतीला जिना होता, आणि प्रत्येक जिन्याला वर, फार वर, एक छत होतं.

लहानपणी धाकटी भिंतीवर चढायची, झाडावर चढायची, कपाटावरसुद्धा. थोरली खाली उभी राहून ओरडायची, किती उंच गेलीस ते हाताने मोजून सांगायची. मग धाकटी वरून एक ओळ टाकायची आणि खालून थोरलीने दुसरी द्यायची.

शिडीबाई शिडी, तुझे पाय किती?
मोजणारी खाली, चढणारी वरती.

तेव्हा तिला या ओळी आवडायच्या. आज बसच्या चाकांनी त्या धरल्या आणि सोडायलाच तयार नव्हती. मोजणारी खाली. मोजणारी खाली.

शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाकडे?"

"रंगकाम चाललंय ना..."

"पिवळ्या पायाच्या बाई? आहेत की, वरच्या जिन्यात. वानरासारख्या चढतात हो. मी म्हटलं, जरा सांभाळून, तर म्हणतात, माझ्या ताईने बनवलाय."

थोरलीने पायऱ्या धावत गाठल्या. वरच्या वळणावर रेडिओ मोठ्याने चालला होता. त्याच्या शेजारी धाकटीची पिशवी, पिशवीत रंग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन. आणि भिंतीला टेकलेल्या लांब शिडीच्या जवळजवळ टोकाला धाकटी, मान मागे टाकून छताचा कोपरा रंगवत असलेली. पिवळा पाय दांडीवर. सगळा भार त्याच्यावर, कारण दुसरा पाय कोपरा गाठायला हवेत ताणलेला.

थोरलीला ओरडावंसं वाटलं. तिने ओरड गिळली. आधी शिडी धरली, दोन्ही हातांनी. मग रेडिओ पायानेच बंद केला.

"कोण आहे रे? लाव तो परत."

"मी."

धाकटीने खाली बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. "आली मोजणारी! बघ, बघ हा कोपरा. रेघ बघ कशी आलीय. हात विसरला नाही गं."

"छान आलीय. खाली ये."

"एवढं झालं की येते."

"आत्ता ये. आधी दुसरा पाय दांडीवर घे. पिवळ्यावर भार नको."

ब्रश थांबला. वरून पांढऱ्या रंगाचा एक थेंब सुटला आणि थोरलीच्या मनगटावर पडला.

"नवरदेवात खोट आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"हिशेब चुकला असेल."

"असेल की आहे?"

थोरलीला हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर धाकटी पटकन उतरली असती. पण ज्या बोलण्यावर आपली बहीण इतक्या उंचीवर चढली, त्या बोलण्यात आता आणखी एक न मोजलेली गोष्ट घालवेना.

"असेल," ती म्हणाली.

"सकाळपासून किती वेळा चढले उतरले मी. एकदा तरी कुरकुरला का तो?"

"तेच गं. म्हातारा कुरकुरायचा, आपल्याला कळायचं. हा आतून सुटत असेल तरी सांगणार नाही. एकदम सोडेल."

धाकटीने पुन्हा छताकडे बघितलं. अर्धा कोपरा पांढरा, अर्धा जुना, कळकट. मग तिने ब्रश डब्यात ठेवला, डबा आकड्याला नीट अडकवला, आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

"सांग कशी उतरू."

"आधी हात खाली घे. मग चांगला पाय. त्याच्यावर उभी राहा. मग हा नुसता ओढून घे, टेकवायचा फक्त."

"चांगला पाय खालच्या दांडीवर न्यायचा तर तोवर उभी कशावर राहू? हवेवर?"

खरंच होतं. उतरताना प्रत्येक दांडीवर क्षणभर भार पिवळ्यावर येणारच होता. थोरलीने पिशवी फेकली आणि शिडी चढली. आयुष्यभर तिला उंचीची भीती, खुर्चीवर चढून बल्ब बदलायचा तरी हात कापायचा. पण पाय चढत गेले. पिवळं पाऊल मागे टाकून ती आणखी वर गेली आणि धाकटीच्या मांडीखाली, सांध्याच्या वर, तिने आपला खांदा दिला.

"टाक भार. माझ्यावर टाक."

"शिडी धरायला कोण आहे?"

"कोणी नाही. हळू टाक."

एक दांडी. खांद्याचं हाड दबलं, रंगाचा वास, धाकटीचा श्वास. "तू चढलीस?" वरून आवाज आला, आणि एवढ्यातही त्यात हसू होतं. "तू?" आणखी एक दांडी. थोरलीच्या खिशात फोन वाजायला लागला. दोघींपैकी कोणीच तो ऐकला नाही, किंवा ऐकून सोडून दिला. आणखी एक. मग फरशी आली.

दोघी खालच्या पायरीवर बसल्या. आणि हसू तिथेच संपलं.

"कधी कळलं?" धाकटीने विचारलं.

"आज. मोजायची तारच सांधा तापवत होती, ते बघितलं तेव्हा. तुझ्या पायात ती नव्हती."

"आज कळलं म्हणून एवढी पळत आलीस. आणि शंका कधीपासून होती?"

थोरली मनगटावरचा वाळलेला थेंब खरवडत राहिली. "तुझ्या पायाची रेघ हिशेबाच्या खाली होती. नखभर. आठवडा झाला."

"आणि?"

"मी म्हटलं, पिवळा आहे म्हणून."

"म्हणजे माझ्या रंगावर ढकललंस."

धाकटीने पट्टे सोडले, पाय काढला, मांडीवर आडवा घेतला. त्याच्या पिवळ्या पोटरीवर एक पांढरा थेंब पडला होता, तो तिने नखाने अलगद काढला. मग पाय थोरलीच्या अंगावर जवळजवळ फेकला.

"घे. मोड. पण मी समोर असणार. माझा पाय माझ्या मागे कोणी मोडायचा नाही."

फोन पुन्हा वाजला. मोड्या होता. "ताई, कडा तापतायत. मधला भाग वितळण्यापर्यंत जातच नाही. खाली राहतोय, बराच खाली."

थोरलीने फक्त "बरं" म्हटलं. तिचं समाधान झालं नाही. जो हिशेब एकदा एवढ्या छातीठोकपणे खोटं बोलला, तो आज आपल्याला हवं तेच बोलत नसेल कशावरून?

कुबडी धाकटीच्या सामानात होतीच. नवरदेवाचा काय भरवसा, असं चेष्टेत म्हणत ती बरोबर ठेवायची. येताना बसमध्ये दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. पिवळा पाय मधल्या जागेवर उभा करून ठेवला होता. समोरची एक म्हातारी त्याच्याकडे बघायची, मग धाकटीकडे, मग खिडकीबाहेर.

दुपार कलायला आली होती. मोड्याने पाय यंत्रात धरला तेव्हा त्याचे हात नेहमीसारखे चटपटीत नव्हते. "घालणारं माणूस समोर बसलंय, असं कधी मोडलं नाही हो," तो कॉइलमास्तरांच्या कानाशी म्हणाला.

"ऐकू येतंय मला," धाकटी म्हणाली. "मोड. लाजू नकोस."

यंत्र चालायला लागलं. दाब, सोड. दाब, सोड. माणूस चालतं तसा भार; टाच टेकते, पाऊल उचलतं. जागच्या जागी चालणारा एकटा पिवळा पाय, रस्ता नाही, माणूस नाही. धाकटी स्टुलावर, हनुवटी कुबडीवर टेकून. मोठ्या बाई दाराला टेकून. कॉइलमास्तर उभेच. थोरलीच्या येरझाऱ्या चालू, खिडकीपासून डब्यापर्यंत, डब्यापासून खिडकीपर्यंत.

पाय चालत राहिला.

बराच वेळ चालत राहिला. मोड्याने भार थोडा वाढवला. तरी चालतच राहिला.

आता थोरलीला कळेना आपल्याला काय हवंय. टिकला तर आपण बहिणीला उगाच खाली ओढलं, तिच्या हातचा कोपरा अर्धा ठेवला, तिच्या मनात कायमची धास्ती घातली. मोडला तर... मोडला तर सकाळी दारात हसलेलं ते हसू. तिची बोटं ओढणीच्या टोकाची वळकटी करत होती, सोडत होती.

"कोणाच्या बाजूने आहेस?" धाकटीने वर न बघता विचारलं. "त्याच्या की तुझ्या?"

"तुझ्या."

"मी तर दोन्हीकडे आहे. मेला मोडला तर रडेन आणि टिकला तर तुला मारेन."

कॉइलमास्तर फस्कन हसले, आणि त्याच क्षणी आवाज झाला. मोठा नाही. सुकी शेंग फुटावी एवढा. बाही नळीवर किंचित फिरली. पुढच्या पावलाला ती कडेपासून सुटली, आणि पाय कुणीतरी मागून गुडघा मारावा तसा वाकला. मोड्याने यंत्र थांबवलं.

मोड्याने बाही ओढून काढली, आणि न सांगताच थोरलीच्या नाही, धाकटीच्या हातात दिली.

कडेला केसाळ कडं होतं. वीज कडांशी गर्दी करते, त्यामुळे तेवढं भाजून निघालं होतं, बोटाच्या पेराएवढं रुंद. त्याच्या आत सगळं गुळगुळीत. पाटीसारखं काळं, साळसूद. राळ कधी वितळलीच नव्हती. दाबाखाली नुसती टेकून बसली होती.

धाकटीने कड्यावर बोट ठेवून बघितलं.

"एवढंसं धरून होतं?"

"हो."

"एवढ्यावर मी तो कोपरा रंगवला." ती हसायला लागली आणि हसणं अर्ध्यात राहिलं. थोरली पुढे झाली. धाकटीने कुबडी मध्ये धरली. "थांब जरा. आत्ता नको."

थोरली थांबली. तिला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"याच्यानंतर दुसरा पाय आपण अजून जोडलेला नाही," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "आता जोडणारही नाही. जोपर्यंत..." त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. सगळेच भिंतीकडे बघत होते. मोजल्याशिवाय तापवायचं नाही.

"पुसू का ती ओळ?" कॉइलमास्तरांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला होता. वेढा त्यांच्या हातचा होता.

"खबरदार," धाकटी म्हणाली. "ओळ बरोबर आहे. अक्षरंही चांगली आलीत. मास्तर, तुम्ही तार सांगितली तशीच दिलीत. वेढ्यात काय होतं ते बघायचं काम हिचं होतं." तिने थोरलीकडे बोट केलं. मग बोट तसंच ठेवून विचारलं, "दुसरं काही नाही का मोजायला? जे आत जाऊन स्वतःच तापणार नाही असं?"

होतं. कपाटात काचेच्या धाग्याचं मापक पडलेलं होतं. त्यातून वीज जात नाही, नुसता उजेड जातो. ते नाजूक, चटकन तुटायचं, म्हणून मास्तरांनी आणि थोरलीने मिळूनच ते मागे सारलं होतं. तार बरी, दणकट आहे, असं तेव्हा दोघांनी ठरवलं होतं.

मास्तरांनी कपाट उघडलं. चिमट्याने, श्वास रोखून, त्यांनी काचेचा धागा नव्या नळीवर ठेवला, सरळ, वेढ्याशिवाय. वरून बाही चढवली. धागा तुटला. त्यांनी दुसरा घेतला. तोही तुटला. तिसऱ्या वेळी मोड्याने दिवा धरला आणि थोरलीने नळी, आणि तो राहिला.

कॉइल गुणगुणायला लागली. स्क्रीनवर आतल्या उबेच्या हिशेबाची जुनी रेघ आधीच काढलेली होती, ऐटबाज, वर चढत गेलेली. तिच्या खालून नवी रेघ निघाली. ती चढेच ना. दोघींमधलं अंतर नखाचं बोट झालं, बोटाची वीत झाली.

"जुळत नाहीत की," मागून धाकटी म्हणाली. ती कुबडीवर उठून केव्हा येऊन उभी राहिली होती कळलं नव्हतं.

"नाही."

"आता काय म्हणशील? कशामुळे?"

थोरलीने तोंड उघडलं. धाग्यांचा पोत, बाहीचा दाब, नळीची गोलाई. कितीतरी कारणं जिभेवर रांग लावून उभी होती. तिने एकही बाहेर येऊ दिलं नाही.

"माहीत नाही. बघावं लागेल."

धाकटीने मान हलवली. टेबलावरची सुटलेली बाही तिने उचलली, तिचं एक तोंड बंद करून बघितलं. "ही मी नेते. ब्रश उभे ठेवायला बरी आहे." मग कुबडी काखेत घेत, "म्हातारा घरी वाट बघत असेल. उद्या त्याला घेऊन खालच्या भिंती उरकते. वरचा कोपरा तसाच राहील."

"किती दिवस?"

"ते तू सांगायचं." दारात ती वळली. रागावलेलीच होती, पण ओठांचा एक कोपरा तिचं ऐकत नव्हता. "आणि काय गं, वरून कसं दिसतं ते बघितलंस का आज?"

"नाही. डोळे मिटले होते."

"मोजणारी कुठली," धाकटी म्हणाली, आणि कुबडीचा आवाज बोळातून लांब गेला.

थोरली स्क्रीनपाशी परतली. खुर्ची तिने पायाने मागे सारली आणि उभी राहूनच खालची रेघ बघत राहिली.